डिव्हाइसचा बफर मॅप करताना: रीमॅप की फॉल्ट?

हिंगणा एमआयडीसीत मोजमापाचं कार्ड बनवणाऱ्या एका मित्राचा प्रश्न: ४ एमबीचा बफर (डेटा साठवायची मेमरी) यूजर प्रोग्रामला थेट द्यायचाय, लिनक्स ड्रायव्हरच्या एममॅपमध्ये (मेमरी प्रोग्रामच्या पत्त्यांना जोडणारं फंक्शन) रीमॅप_पीएफएन_रेंज वापरून सगळं एकदम जोडू, की लागेल तसं एकेक पान जोडणारा फॉल्ट हँडलर लिहू?

मेहनत रीमॅपला कमी. एकच कॉल, आणि ४ केबीची १०२४ पानं (मेमरीचे ठरावीक तुकडे) लगेच पेज टेबलात, म्हणजे पत्त्यांच्या तक्त्यात, लागतात. फॉल्टमध्ये पान पहिल्यांदा शिवलं की हँडलर चालतो: पान शोधा, गेट_पेजने त्याच्या वापराची मोजणी वाढवा, परत द्या. पहिल्या फेरीत असे १०२४ थांबे.

खरी मेख मेमरीत आहे. रीमॅपच्या एका कॉलला फिजिकल पत्ते सलग लागतात. व्हीमॅलॉकने (कर्नलमध्ये मोठी मेमरी घ्यायचं फंक्शन) घेतलेली पानं विखुरलेली. त्यावर व्हर्ट_टू_फिज (कर्नलच्या पत्त्यावरून फिजिकल पत्ता काढणारं फंक्शन) लावलं की भलताच पत्ता मिळतो आणि प्रोग्रामला दुसऱ्याचीच मेमरी दिसते. फॉल्टमध्ये व्हीमॅलॉक_टू_पेज प्रत्येक पत्त्याचं खरं पान नीट शोधून देतं.

हद्द दोन्हीकडे स्वतःच तपासा. रीमॅपआधी ऑफसेट अधिक लांबी बफरपेक्षा जास्त असेल तर ईइनव्हॅल (चुकीच्या मागणीचा एरर) द्या. ही ओळ विसरलात तर शेजारची कर्नल मेमरी उघडी पडते. फॉल्टमध्ये हद्दीबाहेरचं पान मागितलं तर सिगबस (चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा सिग्नल) परत करा.

रीमॅपचा एक त्रास उशिरा कळतो: मॅप केलेला बफर ओ_डायरेक्टने (मधला कॅश टाळून) थेट डिस्कवर लिहायला गेलात तर ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याचा एरर) येतो.

कार्डाची रजिस्टर (हार्डवेअरच्या नियंत्रणाच्या जागा) असतील तर रीमॅप, नॉनकॅश्ड (कॅशशिवाय) करून. व्हीमॅलॉकचा मोठा बफर, त्यातला थोडाच भाग वाचायचा, तर फॉल्ट. आणि बफर डीएमए_अलॉक_कोहेरंटचा (डिव्हाइस स्वतः थेट वाचतं-लिहितं अशी मेमरी) असेल, तर दोन्ही सोडा, डीएमए_एममॅप_कोहेरंट वापरा.