घोडी खोगिराखाली घेण्याची घाई न करणारी पागा

नागपूरजवळ काटोल रस्त्यावर फेटरीच्या पुढे एक छोटी पागा आहे. आमची घोडी आम्ही तिथे फेरण्यासाठी, म्हणजे स्वारीचे शिक्षण देण्यासाठी, दिली होती. त्या सेवेबद्दल इतक्या सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, पहिल्या भेटीत त्या पागेने आमचे काम घेण्यास चक्क नकार दिला, आणि पुढच्या तीन वर्षांत आम्हाला त्यांच्याकडून मिळालेली सर्वांत मोलाची सेवा तो नकारच ठरला. पागेत एका वेळी बाहेरची चारच जनावरे घेतली जातात. त्यामुळे नाव जाहीर करू नये अशी मालकांची विनंती आहे आणि ती मी पाळत आहे. फेटरी परिसरात घोडे असणाऱ्या कोणालाही विचारले, तरी पत्ता मिळेल.

डिसेंबर २०२२ मध्ये सारंगखेड्याच्या बाजारातून आम्ही मारवाडी वळणाची एक कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी घेतली. विकणाऱ्याने ती तीन वर्षांची असल्याचे सांगितले आणि अंगाने ती दिसतही होती तशीच. माझ्या मुलीला तिच्यावर बसायचे होते, म्हणून घरी आणल्यावर आठवड्याभरातच आम्ही शहरालगतच्या एका चाबुकस्वाराला, म्हणजे घोडे शिकवणाऱ्याला, बोलावले. २१ दिवसांत घोडी तयार करून देतो, असे त्याने सांगितले. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या पाठीवर वाळूचे पोते टाकले, पाचव्या दिवशी स्वतः बसला आणि रोज अर्धा तास तिला लहानशा गोलात पळवू लागला. आठव्या दिवशी खोगीर नुसते दिसले तरी घोडी कान मागे टाकू लागली, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना मान वळवून चावायला धावू लागली आणि डाव्या पुढच्या पायाचा गुडघा हाताला कोमट लागू लागला. नवे जनावर सुरुवातीला असेच करते, दहा दिवसांत जिरेल, असे त्याचे म्हणणे पडले. मी त्याच दिवशी काम थांबवले. मात्र ते आठ दिवस मी होऊ दिले, ही गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही घोडी या पागेत नेली. मालक लष्करातून निवृत्त झालेले आहेत आणि सारे त्यांना काका म्हणतात. त्यांनी ना खोगीर मागवले, ना लगाम. दहा मिनिटे ते घोडीच्या खांद्यापाशी नुसते उभे राहिले आणि ती शांत झाल्यावर अंगठ्याने हलकेच तिचा ओठ वर करून त्यांनी मला दात दाखवले. समोरचे सगळे दात लहान, दुधासारखे पांढरे आणि हिरडीपाशी निमुळते होते. पक्का दात रुंद व पिवळसर असतो आणि त्याच्यावर उभी खाच दिसते. घोड्याचे मधले दोन पक्के दात साधारण अडीच वर्षांचा असताना येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीन वर्षांच्या सुमारास आणि कोपऱ्यातले साडेचार वर्षांच्या आसपास. “ताई, ही अजून पुरती दुधाच्या दातांत आहे. दोन वर्षांचीही झाली नसेल,” असे ते म्हणाले. तीन वर्षांची म्हणून घेतलेली आमची घोडी मार्च २०२१ च्या आसपासची निघाली.

त्यानंतर त्यांनी घोडीला सपाट फरशीवर उभे केले आणि आम्हाला बाजूने पाहायला लावले. तिचा पुठ्ठा, म्हणजे मागच्या पायांवरचा उंच भाग, खांद्याच्या उंचवट्यापेक्षा दोन बोटे वर होता. वाढीच्या काळात मागची व पुढची बाजू आळीपाळीने वाढते. पुठ्ठा वर असताना पाठीचा उतार पुढे राहतो, खोगीर खांद्यांवर सरकते आणि मुळातच शरीराचा जास्त भार वाहणाऱ्या पुढच्या पायांवर आणखी वजन येते. गुडघ्याची शंका असल्याने त्यांनी आपल्या पशुवैद्यांकडून एक्स-रे काढून घेतला. गुडघ्याच्या लगेच वर, हाडाच्या खालच्या टोकाशी, त्यात एक काळी आडवी रेघ स्पष्ट दिसत होती. ती रेघ म्हणजे वाढीची कूर्चा, जिचे अजून हाड झालेले नाही. सांध्याला इजा झालेली नव्हती, त्यामुळे तीन आठवड्यांच्या विश्रांतीवर भागले. ही कूर्चा साधारण दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान भरून येते, मणक्यांची वाढ मात्र पाच वर्षांच्या पुढेपर्यंत चालू राहते.

हे ऐकल्यावर मी त्यांना सरळ विचारले की, तसे असेल तर सहा वर्षांपर्यंत घोडीवर कोणी बसूच नये का, आणि मुंबई-पुण्याच्या शर्यतींत दोन वर्षांचे घोडे धावतात ते कसे? त्यांनी दिलेले उत्तर मला या सगळ्या व्यवहारातले सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटते. शर्यतीच्या घोड्याला लवकर कामाला लावतात आणि त्यात काही घोडे जायबंदी होतात, हे त्यांनी लपवले नाही. पण कोवळ्या वयातल्या थोड्या वेळाच्या, सरळ रेषेतल्या वेगवान हालचालीने हाड उलट घट्ट होते आणि दिवसभर खुंट्याला बांधून ठेवलेल्या शिंगराचे हाड कच्चे राहते, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. शर्यतीचा जॉकी हलका असतो आणि घोड्यावर रोज जाणत्याची नजर असते. आपल्याकडे मात्र वरातीच्या हंगामासाठी दोन वर्षांच्या घोडीवर जड खोगीर, नवरदेव आणि पुढे एखादा लहान मुलगा असे बसवून तिला डांबरी रस्त्यावर बँडच्या गोंगाटात तासन्‌तास उभे करतात. ते सगळ्यांत वाईट, असे त्यांचे मत आहे आणि नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांतून निघणाऱ्या वराती लहानपणापासून पाहिल्यामुळे मला ते पूर्णपणे पटते.

काकांनी आमच्याकडून फक्त तपासणीचे पाचशे रुपये आणि एक्स-रेचा खर्च घेतला. घोडी परत न्या, मोकळ्या जागेत सोडा, चंदी (दाणा) बेताची ठेवा म्हणजे वजन फाजील वाढणार नाही आणि पावसाळा संपला की पुन्हा दाखवायला आणा, असे त्यांनी बजावले. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि येताना गाडीत ती एक शब्दही बोलली नाही.

पावसाळ्यानंतर आम्ही घोडी पुन्हा नेली तेव्हा मधले दोन पक्के दात आलेले होते. नोव्हेंबर २०२३ पासून फेब्रुवारी २०२४ पर्यंत ती पागेत राहिली, पण या चार महिन्यांत तिच्या पाठीवर कोणीही बसले नाही. कडियाळे (लगामाची तोंडातली लोखंडी पट्टी) तोंडात देण्यापूर्वी पशुवैद्यांनी वरच्या पहिल्या दाढेपुढचे दोन छोटे निकामी दात काढले, कारण कडियाळे त्यांच्यावर आपटले की घोडा डोके झटकतो आणि मालकाला ती खोड वाटते. धनुर्वाताची लसही त्याच वेळी टोचली. मग तिला मोरखीवर (तोंडावरच्या दोरीच्या बांधणीवर) चालायला, थांबायला, मागे सरायला शिकवले. दोन लांब दोऱ्या लावून मागून चालत मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, तिला संत्र्यांच्या बागांमधल्या पांदणीने नेत असे. वाटेत ट्रॅक्टर येई, कुत्री येत, प्लास्टिकचा कागद फडफडे. काव्यावर, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवण्यासाठी, मात्र तिला आठवड्यातून दोनदाच आणि दर वेळी दहा मिनिटांहून कमी धरले, तेही मोठ्या गोलात, कारण गोल जितका लहान तितका आतल्या बाजूच्या सांध्यांवर पीळ जास्त बसतो.

मार्च ते जून त्यांनी घोडीला पुन्हा सुट्टी दिली. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, त्यामुळे नव्या जनावराचे शिक्षण तेव्हा सुरू करायचे नाही, हा तिथला नियम आहे. पावसाळ्यात काळी माती पायाखालून सरकते आणि चावऱ्या माश्यांमुळे सर्रा या रोगाची भीती असते, म्हणून तेही महिने वगळले जातात. थोडक्यात, घोडी वयाने तयार झाली तरी नागपुरात तिच्यावर पहिल्यांदा बसण्याचा खरा काळ दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. पागेचे हे वेळापत्रक मला फार शहाणपणाचे वाटले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पक्क्या दातांची दुसरी जोडी आलेली होती, खांदा व पुठ्ठा एका पातळीत आले होते आणि घोडीला साडेतीन वर्षे पूर्ण झालेली होती. काकांनी टेपने छातीचा घेर १६० सेंटिमीटर आणि लांबी १५० सेंटिमीटर मोजली. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११,८८० या हिशेबाने तिचे वजन सुमारे ३२३ किलो आले. स्वार आणि खोगीर मिळून वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या पुढे जायचे नाही, म्हणजे ६४ किलोवर थांबायचे. त्यांचा स्वार ५२ किलोचा आहे आणि खोगीर ८ किलोचे.

पहिल्या बसण्याच्या दिवशी मी हजर होते. मोतद्दार मोरखी धरून उभा होता. स्वाराने आधी खोगिराच्या दोन्ही बाजूंना हात थोपटले, मग पोटावर आडवा झोपून आपले वजन हळूहळू टाकले आणि उतरला. असे चार वेळा केल्यावर पाचव्या वेळी त्याने उजवा पाय पलीकडे टाकला, पण रिकिबीत अडकवला नाही. घोडीचा एक कान त्याच्याकडे वळला, तिने लांब श्वास सोडला आणि खालचा ओठ सैल करून चघळू लागली. तो तीन मिनिटे बसला आणि उतरला. त्या दिवसाचे काम तेवढेच होते. २०२२ मध्ये खोगीर पाहून चावायला येणारी हीच घोडी होती, हे मोतद्दाराला सांगावे लागले.

जानेवारी २०२५ अखेरपर्यंत रोज वीस मिनिटे, आठवड्यातून चार दिवस, बहुतांश कदम चाल आणि थोडी दुडकी, एवढेच काम झाले. प्रत्येक दिवसाची नोंद वहीत असते आणि ती वही मागितली की दाखवली जाते. माझ्या मुलीला फेब्रुवारीत पहिल्यांदा बसू दिले. पूर्ण दौड आणि उडीचे काम घोडी पाच वर्षांची झाल्यावरच, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.

उणिवाही लिहिणे आवश्यक आहे. हलका स्वार एकच असल्याने तो तापाने आजारी पडला तेव्हा नऊ दिवस काम बंद होते आणि त्या दिवसांचे पैसे वजा झाले नाहीत. त्याबद्दल मी नाराजी कळवली, तेव्हा पुढच्या महिन्यात अर्धी रक्कम वळती झाली. छप्पर असलेले मैदान नाही. पावसात पागेपर्यंतचा शेवटचा टप्पा गाडीला कठीण जातो. नालबंदाचा खर्च वेगळा असतो, हे आधी सांगितले गेले नव्हते. राहणे, चारा आणि शिक्षण मिळून महिन्याला आम्ही १९,००० रुपये दिले. ही रक्कम नागपुरात कमी नाही, पण तपासणीनंतर सुमारे दहा महिने त्यांनी आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही, हे हिशेबात धरले पाहिजे.

ज्यांच्या घरी दोन-अडीच वर्षांचे शिंगरू आहे, त्यांनी ते थेट शिक्षणाला पाठवण्यापूर्वी येथे केवळ दात व गुडघे दाखवून घ्यावेत. तपासणी रविवारी सकाळी सात ते नऊ या वेळात होते आणि जनावर गाडीत चढत नसेल तर काका येऊन पाहतात, त्याचे जाण्या-येण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. दिवाळीनंतरच्या हंगामासाठी ऑगस्टमध्येच सांगून ठेवावे लागते, कारण चार जागा तेव्हाच भरतात.