पाकिटावर ‘अनट्रीटेड’ लिहिलेले ३८ खडे: आठ महिन्यांनंतर

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जाऊन रंगीत खडा मागा, पहिला प्रश्न येतो, “रास कोणती?” मला रास नको होती. मी चांदीचे दागिने डिझाइन करते, हुपरीतल्या एका कारागीर काकांकडून बनवून घेते, आणि मला असे खडे हवे होते ज्यांत दोन-तीन रंग एकत्र असतील. अर्धी गुलाबी अर्धी हिरवी तुरमली (टूर्मलिन) कुठल्याच ग्रहाला चालत नाही, म्हणून ती दुकानात कुणी ठेवतही नाही. शेवटी जयपूरच्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन लॉट मागवला. ३८ खडे, ४२ हजार रुपये: तुरमली, तामडा (गार्नेट), लालडी (स्पिनेल), निळा सोडून बाकी रंगांचे पाच नीलम, दोन कुंझाइट आणि एक माणिक. प्रत्येक पाकिटावर पेनाने ‘नॅचरल, अनट्रीटेड’, म्हणजे खडा नैसर्गिक आणि रंग-रूप सुधारायला त्यावर कसलीही प्रक्रिया न केलेला.

पहिल्या दिवशी आईने ताटलीत ओतून बघितले आणि म्हणाली, “रंगपंचमीच आली की.” रंगांबद्दल आजही तक्रार नाही. तुरमली हे नाव सिंहली ‘तोरमल्ली’वरून आलंय, श्रीलंकेत सरमिसळ रंगीत खड्यांना ते म्हणायचे, आणि लॉट समोर असला की ते पटतं. एकाच कांडीच्या एका टोकाला पेरूच्या गराचा गुलाबी, दुसऱ्या टोकाला त्याच्या पानाचा हिरवा, मधे बोटभर पांढुरका पट्टा. बोटभर म्हणजे बाहुलीच्या बोटाएवढा, खडाच मुळी नऊ मिलिमीटरचा.

पण हा खडा कारागिराची परीक्षा बघतो. कडकपणा सात-साडेसात, म्हणजे रोजच्या वापराला बरा, तरी जिथे रंग बदलतो तिथे आत ताण असतो. दोन खडे बसवतानाच त्या पट्ट्यात तडकले. काकांनी तेव्हाच बजावलं, “ताई, दोन रंगाचा खडा आणला तर जबाबदारी माझी न्हाई.” तेव्हापासून अशा खड्याला आम्ही टोचणारे प्राँग (खडा पकडणारे आकडे) देत नाही, चारी बाजूंनी पातळ पत्र्याची बैठक करतो, आणि झाळकाम आधी उरकून खडा सगळ्यात शेवटी बसवतो. अजून एक गोष्ट फोटोत कधीच कळत नाही: हिरवी तुरमली आडवी धरली तर हिरवी, उभी धरून टोकातून बघितली तर काळी ठिक्कर. एक लांबट खडा त्यामुळे अंगठीत बाद झाला, कानातल्यात मात्र छान दिसतो.

धुळीचं प्रकरण वेगळंच. दिव्याखालच्या काचेच्या पेटीत ठेवलेली तुरमली रोज पुसायची आणि संध्याकाळी पुन्हा धूळ. आई म्हणे, “गूळ लावलाय का त्यांना?” तुरमली तापली की तिच्या टोकांवर विजेचा भार येतो आणि ती धूळ ओढते. जुने डच व्यापारी तर तिला राख ओढणारा दगड म्हणत. आमच्याकडे आता तो ओळख पटवायचा घरगुती उपाय झालाय.

आता मुद्द्याचं, त्या ‘अनट्रीटेड’ शब्दाचं. पाकिटांवर तो सारखाच लिहिला होता, पण प्रत्येक खड्यामागे त्याचं वजन निराळं निघालं.

तामडा आणि लालडी यांच्यावर सहसा काही प्रक्रिया होतच नाही, त्यामुळे तिथे शब्द जवळपास फुकटचा, पण बरोबर. नीलम साधारणपणे तापवलेलेच मिळतात. त्यांच्या पोटात रुटाइल या खनिजाच्या केसासारख्या सुया असतात, व्यापारी त्याला सिल्क म्हणतात. जास्त उष्णता दिली की त्या विरघळतात, तुटतात. म्हणून लॅबला निदान काहीतरी सांगता येतं. मी दोन नीलम मुंबईला तपासायला पाठवले. पिवळसर हिरव्यावर ‘तापवल्याची लक्षणं आढळली नाहीत’ असं आलं, गुलाबी मात्र तापवलेला निघाला. रिपोर्टचा खर्च खड्याच्या किमतीइतका झाला, म्हणजे लहान खड्यांना हा उद्योग परवडत नाही.

आणि तुरमली? गुलाबी तुरमलीला किरणोत्साराने रंग चढवला असेल तर तो लॅबलाही ओळखता येत नाही. बऱ्याचदा तापवल्याचंही तसंच. म्हणजे ज्या खड्यासाठी मी सगळ्यात जास्त पैसे मोजले, त्याच्यावरचा ‘अनट्रीटेड’ हा फक्त विक्रेत्याचा शब्द. चिरा भरलेल्या असतील तर मात्र लूपखाली, म्हणजे जवाहिऱ्याच्या भिंगाखाली, दिसतात.

माणकाने मला चांगलंच नाचवलं. पेंडंटची कडी तुटली, दुसऱ्या कुणाकडून घाईत झाळून घेतली, आम्लात उजळली, आणि खड्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं उठलं. चिरांमध्ये शिशाची काच भरलेली होती. ती आचेत आणि आम्लात टिकत नाही. दहापटी लूपने तिरका धरला असता तर निळी चमक आणि चपटे बुडबुडे पहिल्याच दिवशी दिसले असते. मी लूप घेतली ती हे सगळं झाल्यावर. विक्रेत्याने आधी “उष्णता दिलीत, आमची जबाबदारी नाही” म्हटलं, तीन आठवडे मेसेजांची ढकलाढकली झाली, मग पैसे परत केले. कुरिअरचे माझेच गेले.

कुंझाइटचं दुःख वेगळं, कारण तिथे कुणी फसवलं नाही. खरोखर नैसर्गिक खडा, फिकट जांभळा-गुलाबी, मी हौसेने खिडकीशेजारच्या शोकेसमध्ये ठेवला. मे संपेपर्यंत पाण्यासारखा झाला. कुंझाइट उन्हात फिकट होतं, हे मला नंतर कळलं. दुसरा आता डबीत आहे आणि फक्त संध्याकाळच्या समारंभाला बाहेर येतो.

घरी तपासायचा एक सोपा उपाय सांगते. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडायचं आणि समोर खडा धरून फिरवायचा. तुरमली, नीलम रंग बदलतात. तामडा, लालडी आणि काच बदलत नाहीत. मग तामडा की काच हे ठरवायला पाण्यात वजन घ्यावं लागतं. माझा जांभळट तामडा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या ३.८ पट जड निघाला, जसा निघायला हवा तसा.

आणि रंग बघायचा तो दुकानाच्या एलईडीखाली नाही. मी खडे रुमालात बांधून सकाळी रंकाळ्यावर नेते, मग घरच्या बल्बखाली परत बघते. लोक बघतात, बघू देत.

साजाचं मात्र जमलं. कोल्हापुरी साजात माणकाचं एक पान आणि पाचूचं एक असतं. मी त्या दोन्ही जागी एकाच दुरंगी तुरमलीचे दोन तुकडे बसवले, तेच ते बसवताना तडकलेले. माझ्या मावसबहिणीने लग्नात घातला आणि गुरुजींपासून सगळ्यांनी विचारलं.

गेल्या महिन्यात पुन्हा ऑर्डर दिली, त्याच विक्रेत्याला, पण आता बहुतेक तामडा-लालडी आणि एकच तुरमली. त्याने विचारलं, “मॅडम, अनट्रीटेड लिहू?” म्हटलं, तुम्हाला माहीत आहे तेवढंच लिहा. पाकीट आलं: ‘तुरमली, मोझांबिक. प्रक्रिया: माहीत नाही.’ किंमत मात्र त्याने एक रुपयानेही कमी केली नाही.