एचटीटीपीक्लायंट थेट वापरावा की आपल्या सर्व्हिसमागे ठेवावा?

अँग्युलर या वेब ॲप बनवायच्या फ्रेमवर्कवर काम करणाऱ्या टीममध्ये हा वाद एकदा तरी होतोच. एक जण म्हणतो, सर्व्हरला कॉल करणारा एचटीटीपीक्लायंट फ्रेमवर्कनं आयता दिलाय, कॉम्पोनंटमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या कोडमध्ये, घ्या आणि मोकळे व्हा. दुसऱ्याला मध्ये स्वतःची सर्व्हिस हवी असते, म्हणजे सर्व्हरशी बोलण्याचं काम एका जागी ठेवणारा वेगळा क्लास. महापेच्या आमच्या ऑफिसात दोन्ही पद्धतींनी लिहिलेला कोड मी सांभाळला आहे, म्हणून दोन्हीकडचं सांगतो. इंजेक्शन म्हणजे लागणारी वस्तू स्वतः न बनवता फ्रेमवर्ककडून मागून घेणं, एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

थेट वापराला उगाच नावं ठेवली जातात, म्हणून आधी त्याची बाजू. अँग्युलरच्या २०२२च्या चौदाव्या आवृत्तीपासून कॉम्पोनंटमध्ये इंजेक्टची एक ओळ लिहिली की काम झालं. कॉल कुठे जातो ते तिथल्या तिथे दिसतं, त्यासाठी तीन फायली उघडत बसावं लागत नाही. प्रत्येक कॉलला लॉगिनचं टोकन लावायला सर्व्हिस हवी, हा मुद्दा तर मला पटतच नाही. ते इंटरसेप्टरचं, म्हणजे जाणारा-येणारा प्रत्येक कॉल वाटेत अडवून बदलणाऱ्या कोडचं, काम आहे आणि तो ते चोख करतो. शिवाय पुष्कळ ‘सर्व्हिस’ नुसत्या नावाला असतात: गेट (डेटा मागणारा कॉल) आला की तसाच पुढे ढकलायचा. असल्या सर्व्हिसपेक्षा थेट कॉल बरा.

माझा कौल दुसरीकडे झुकला तो तारखांमुळे.

आमचं ॲप उरण-द्रोणागिरी पट्ट्यातल्या कंटेनर फ्रेट स्टेशनांसाठी, म्हणजे बंदराबाहेर कंटेनर ठेवायच्या यार्डांसाठी, आहे. कंटेनर आत आला की ठरलेले फ्री डेज (बिनभाड्याचे दिवस), ते संपले की ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं. म्हणजे तारीख एका दिवसानं सरकली की क्लिअरिंग एजंटचा फोन आलाच. आता बघा, डेटपिकरमधून ५ एप्रिल निवडला की ब्राउझर भारतीय वेळेनुसार ५ तारखेची मध्यरात्र धरतो. एचटीटीपीक्लायंट पाठवायच्या डेटाचं जेसन (साधा मजकूर) करतो तेव्हा ती वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, जाते: ४ एप्रिल, १८:३०. बॅकएंडनं, म्हणजे सर्व्हरवरच्या कोडनं, फक्त तारखेचा भाग उचलला की झाले ४ एप्रिल.

ही गोष्ट लवकर लक्षातही येत नाही. उलट दिशेनं नुसती ‘२०२५-०४-०५’ अशी स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) आली, तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीतली मध्यरात्र समजतं आणि आपल्याकडे ५ तारखेचे पहाटे साडेपाच होतात. येताना बरोबर, जाताना चूक. त्यात फॉर्ममध्ये आपोआप भरलेली ‘आत्ताची’ तारीख दिवसभर नीट जाते, कारण तिच्यासोबत चालू वेळ असते. चुकते ती हातानं निवडलेली, किंवा रात्रपाळीत पहाटे साडेपाचच्या आधी केलेली नोंद. यार्ड रात्रभर चालू आणि टेस्टिंग दिवसा, मग सापडणार कशी?

अँग्युलरचा कोड ज्यात लिहितात त्या टायपस्क्रिप्टची मदत इथे फारशी होत नाही. गेटला बुकिंगचा टाइप दिला म्हणजे आत डेट ऑब्जेक्ट आला असं होत नाही. येते ती स्ट्रिंगच, कंपायलर फक्त आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो. थेट कॉल करणाऱ्या आमच्या प्रत्येक स्क्रीननं यावर आपापला तोडगा काढला होता. एक साडेपाच तास मिळवत होती, दुसरी स्ट्रिंग कापत होती, तिसरी नशिबावर होती. बुकिंगसाठी एकच सर्व्हिस केली, जाताना स्थानिक वर्ष-महिना-दिवस जोडून साधी स्ट्रिंग आणि येताना तिच्यापासून डेट, आणि ते फोन बंद झाले.

हेच इंटरसेप्टरमध्ये का नाही? करता येतं, आणि काहींना तेच आवडेल. पण इंटरसेप्टरला बुकिंग ठाऊक नसतं, तो तारखेसारखं दिसेल ते बदलतो. शेऱ्याच्या रकान्यात कुणी नुसती तारीख टाइप केली तर तीही बदलणार. मला ते धाडस वाटतं.

टेस्टमध्येही फरक जाणवतो. थेट कॉल असेल तर कॉम्पोनंटच्या टेस्टमध्ये एचटीटीपीटेस्टिंगकंट्रोलर (सर्व्हरची खोटी उत्तरं देणारं अँग्युलरचं साधन) आणि यूआरएल आलेच. सर्व्हिस असेल तर दोन मेथडचा खोटा ऑब्जेक्ट पुरतो.

सर्व्हिसचेही ताप आहेत. ‘प्रोव्हाइडेड-इन रूट’ लिहिलं की सगळ्या ॲपला सर्व्हिसचा एकच इन्स्टन्स, म्हणजे एकच प्रत. तीच सर्व्हिस कुणी कॉम्पोनंटच्या प्रोव्हायडर्समध्येही टाकली, तर तिथे दुसरा इन्स्टन्स तयार होतो, आणि सर्व्हिसमध्ये डेटा साठवत असाल तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. म्हणून आमच्या एपीआय सर्व्हिसमध्ये मी काही साठवूच देत नाही. आणि सर्व्हिस आवडते म्हणून राउटर (पानं बदलणारा) किंवा टायटल (पानाचं शीर्षक ठेवणारा) या अँग्युलरच्या आयत्या सर्व्हिसभोवतीही आपलं कवच घालू नका. त्यात बदलण्यासारखं काही नसतं.

तुमच्या ॲपमध्ये चार-दोन स्क्रीन असतील, तारखा फक्त दाखवायच्या असतील, तर थेट कॉल ठेवा, कुणी हसणार नाही. जुन्या ॲपमध्ये बदल करायचा असेल तर सगळं एकदम उचकटू नका. ज्या स्क्रीन तारीख सेव्ह करतात आणि तिच्यावरून बिल निघतं, तेवढ्या आधी सर्व्हिसमागे न्या. मास्टर डेटाच्या, म्हणजे सहसा न बदलणाऱ्या माहितीच्या, ड्रॉपडाउन याद्या आमच्याकडे अजूनही थेटच येतात.