स्क्रॅम्बलर, टॅलाडेगा की जीएसएक्स?

वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या कडेला खुर्च्या टाकून आम्ही दोघं बसलो होतो. डेट्रॉइटमधून निघणारा हा रस्ता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांनी ओसंडून वाहतो. मस्टँग, कमॅरो, चार्जर यांची रांग संपता संपेना. त्यात मध्येच एक लहानशी चौकोनी पांढरी गाडी आली. दोन्ही बाजूंनी लालभडक रंग, बॉनेटवर निळा पट्टा, त्यावर मोठ्या अक्षरांत इंजिनाचा आकार ‘390’ आणि हवा आत घेणाऱ्या खोक्याकडे रोखलेला बाण. मित्र म्हणाला, “ही कुणी घरी रंगवलीय का रे?” मी म्हटलं, नाही, ही एएमसी कंपनीची ‘स्क्रॅम्बलर’, कारखान्यातून अशीच बाहेर पडली.

तेव्हापासून त्याच्या डोक्यातून ती जात नाही. पण त्याच्या यादीत आणखी दोन जुन्या गाड्या आहेत, फोर्डची टॅलाडेगा आणि ब्युइकची जीएसएक्स, आणि पैसे एकाच गाडीपुरते. तुम्हीही अशाच पेचात असाल तर हे तुमच्यासाठी. फक्त 69 गाड्या बनल्या ती झेडएल-1 कमॅरो किंवा पाठीवर उंच पंख घेतलेली, फक्त 503 बनल्या ती डॉज चार्जर डेटोना मी बाजूला ठेवतोय. त्यांच्या किमतींत आमच्यासारखा नोकरदार घर घेतो.

एएमसी हर्स्ट एससी/रॅम्बलर, 1969

लोक हिला ‘स्क्रॅम्बलर’ म्हणतात. विस्कॉन्सिनमधल्या केनोशाची एएमसी (अमेरिकन मोटर्स) ही काटकसरी कुटुंबाच्या गाड्या बनवणारी कंपनी होती. तिने आपल्या साध्यासुध्या ‘रॅम्बलर रोग’ (Rogue) या मॉडेलमध्ये सगळ्यांत मोठं इंजिन घातलं. 390 घनइंच, 315 हॉर्सपॉवर, चार गिअर, हर्स्ट कंपनीचा गिअरचा दांडा, आणि स्टिअरिंगच्या नळीवर पट्ट्याने बांधलेला ‘सन’ कंपनीचा टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. किंमत 2,998 डॉलर. ऑप्शन म्हणाल तर फक्त एएम रेडिओ. ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीच्या, एका वर्गात उतरवण्यासाठी 500 बनवायच्या होत्या, मागणी आली म्हणून 1,512 झाल्या. पाव मैल 14.3 सेकंदांत, असं कंपनीनेच जाहिरातीत छापलं होतं, आणि वजन साधारण 1,400 किलो असल्यामुळे त्यात नवल वाटत नाही.

हिची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे हिचं खरेपण चॅसी नंबरातच आहे. त्या वर्षी रॅम्बलरच्या बॉडीत 390 इंजिन दुसऱ्या कुठल्याच मॉडेलला मिळत नव्हतं. त्यामुळे A9M097X ने सुरू होणारा नंबर दिसला की अर्धी चिंता मिटली. रंगाचे पट्टे आज कुणीही काढून देतो, नंबर नाही.

चिंतेचा दुसरा अर्धा भाग गाडीखाली आहे. एएमसीच्या मागच्या एक्सलवर चाकाचा हब वेगळा, निमुळत्या दांड्यावर दाबून बसवलेला असतो. आधी कुणी नट नीट आवळला नसेल तर जोरात क्लच सोडल्यावर दांडा हबच्या आतच फिरतो. माझ्या ओळखीच्या एकाच्या गाडीत हे सिग्नलवरच झालं. इंजिन गरजतंय, दांडा फिरतोय आणि गाडी जागची हलत नाही. दोन्ही हब उघडून बघितल्याशिवाय सौदा करू नका. पुढच्या चेसिसच्या पट्ट्या आणि डिकीचा तळ गंजलेला असतोच, किती ते बघायचं. इंजिनाचे भाग मिळतात. बॉडीची नक्षी आणि आतल्या वस्तू मात्र शोधत फिरावं लागतं.

फोर्ड टोरिनो टॅलाडेगा, 1969

ही नॅसकार या अमेरिकन मोटारशर्यतीच्या नियमातून जन्मली. शर्यतीत उतरवायची तर किमान 500 गाड्या जनतेला विकायच्या, म्हणून फोर्डने 1969 च्या सुरुवातीला अटलांटाच्या कारखान्यात साडेसातशेच्या आसपास बनवल्या. नाक पुढे ओढून उतरतं केलेलं. पुढचा बंपर म्हणजे फोर्डच्याच फेअरलेन गाडीचा मागचा बंपर, कापून, मध्यावर टोकदार करून पुन्हा जोडलेला. शर्यतपटू डेव्हिड पिअर्सनने नॅसकारच्या त्या मोसमाचं विजेतेपद टॅलाडेगामध्ये बसूनच मिळवलं. जिच्यावरून नाव पडलं ती अलाबामातली धावपट्टी मात्र सप्टेंबरात सुरू झाली, तोवर या गाड्या बनवणं कधीच संपलं होतं.

हिची हुशारी दारांच्या खाली आहे. तिथला पत्रा साध्या टोरिनोपेक्षा इंचभर वर गुंडाळलेला आहे. शर्यतीत गाडीची उंची तिथून मोजायचे, म्हणून पत्रा वर घेतला की नियम न मोडता गाडी तेवढी खाली बसवता यायची. गंज काढताना एखाद्या गॅरेजवाल्याने तिथे साध्या टोरिनोचा पत्रा लावला असेल तर गाडीतली टॅलाडेगा निम्मी गेली. वाकून हात फिरवून बघा.

इंजिन 428 कोब्रा जेट, 335 हॉर्सपॉवर, आणि ते बाकी फोर्ड गाड्यांतही होतं. त्यामुळे भागांची ददात नाही. फोर्डच्या 1967 पासूनच्या नोंदी असल्याने चॅसी नंबरावरून मार्टी रिपोर्टही, म्हणजे गाडी कारखान्यातून कशी निघाली ते सांगणारा कागद, मागवता येतो. फक्त गिअर ऑटोमॅटिक, तोही स्टिअरिंगजवळचा, पुढे सलग बाकासारखी सीट, आणि रंग तीनच: पांढरा, मरून, निळा. गिअर टाकायची हौस असेल तर इथे निराश व्हाल.

ब्युइक जीएसएक्स, 1970

यातली ही सगळ्यांत महाग, आणि चालवायला सगळ्यांत सुखाची. 455 घनइंच, टॉर्क 510 फूट-पाउंड, तोही 2,800 आरपीएमला. म्हणजे पाय हलका ठेवूनही गाडी अंगावर येते. 678 बनल्या. त्यांत 491 पिवळ्या आणि 187 पांढऱ्या, आणि 400 गाड्यांना जास्त जोरकस ‘स्टेज 1’ इंजिन. लांबच्या प्रवासाला जायचं असेल तर मी डोळे मिटून हिच्यात बसेन.

पण विकत घेताना डोळे उघडे हवेत. जीएसएक्स हे ब्युइकच्याच जीएस 455 या मॉडेलवरचं सुमारे 1,200 डॉलरचं पॅकेज होतं, त्यामुळे चॅसी नंबर जीएस 455 पर्यंतच सांगतो. पिवळा रंग, काळे पट्टे, बॉनेटवरचा टॅकोमीटर, सगळं नंतर लावता येतं. मूळ कागदपत्रं नसतील तर मी तिला छान जीएस समजून तेवढेच पैसे देईन. ब्युइकच्या या इंजिनाचं तेलाचं गणितही नाजूक. पंप पुढच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरमध्ये आहे, ते झिजलं की दाब पडतो. इंजिन पुरतं तापल्यावर, गाडी उभी असताना काटा बघा. थंड इंजिनावरचा दाब दाखवून समाधान करणाऱ्याला थांबायला सांगा.

मित्राला मी स्क्रॅम्बलरच सांगितली. त्याला गिअर हाताने टाकायचेत, रविवारी गाडीखाली झोपायचंय, आणि त्याच्याकडे जुन्या कागदपत्रांची पारख नाही. शर्यतीचा वेडा असता तर टॅलाडेगा म्हणालो असतो. येत्या शनिवारी आम्ही विस्कॉन्सिनला एक बघायला निघालोय. टॉर्च, लोहचुंबक, जॅक आणि हब ओढायचा पुलर डिकीत टाकून ठेवलाय. पण आधी काचेतून डॅशवरचा नंबर वाचायचा. सातवं अक्षर X नसेल तर जॅक बाहेरच काढायचा नाही.