आधी 'फ्रँकेन्स्टाइन' की 'ड्रॅक्युला'?

हायस्कूलमध्ये यातली एकच भयकादंबरी वाचणार असाल, तर माझं मत मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'ला (१८१८). ती घाबरवते कमी, छळते जास्त. भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाचं बोलणं ऐकत भाषा शिकणारा, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवणारा, फ्रँकेन्स्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने घडवलेला तो जीव शेवटी त्यांच्याच घरात मार खातो. वर्गात एकटं पडलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. आणि लिहायला घेतली तेव्हा लेखिका जेमतेम १८ वर्षांची!

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) डायऱ्या, पत्रं, तारा यांतून सरकते, त्यामुळे वाचनाची सवय नसलेल्यालाही झेपते. सुरुवात तर झकासच: पाहुणा आलेला वकील जोनाथन दाढी करतोय, रक्तपिपासू काउंट (उमराव) ड्रॅक्युला मागे उभा, आरशात मात्र कुणीच नाही. मधली पानं जरा रेंगाळतात.