खोबरेल गोठलं, गुलाबाचं तेल मात्र नाही

मी नाशिकला घरच्या घरी साबण आणि क्रीम करून विकते. गिऱ्हाईक म्हणजे सोसायटीतल्या बायका आणि माहेरच्या ओळखीतल्या. गेल्या दिवाळीआधी एका प्रदर्शनात अत्तराच्या स्टॉलपाशी थांबले, आणि तिथेच फसले.

विक्रेता स्वतःला अत्तरासाठी प्रसिद्ध असलेल्या कनौजचा म्हणवत होता. टेबलावर तांब्याची छोटी डेग (फुलं उकळायचं भांडं), बांबूची नळी, सगळा थाट. डेगचं झाकण मातीने कसं लिंपतात, खालची आच कशी सांभाळतात, भपका (वाफ जमा होते ते भांडं) पाण्यात कसा ठेवतात, हे त्याने इतकं रंगवून सांगितलं की तेलाबद्दल विचारायचंच राहिलं. गंमत म्हणजे ती माहिती खरी होती. "ताई, हे अत्तर नव्हे, रूह आहे," म्हणाला. तेही बरोबरच: गुलाबाचं अत्तर परंपरेने चंदनाच्या तेलात उतरवतात, रूह म्हणजे निव्वळ फुलांचं तेल. खोटं होतं ते फक्त बाटलीतलं.

10 मिलीला 1,200 रुपये, 100 मिली घेतलं तर 9,000. मी 100 घेतलं. पैसे त्याच्या मोबाइल नंबरवर पाठवले. बिल "व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो" म्हणाला, ते आजतागायत आलेलं नाही. बाटलीवर 'थेरप्यूटिक ग्रेड' असं छापलेलं होतं. अशी कुठलीही सरकारी प्रत नसते. कंपन्या आपापल्या मनाने लिहितात.

आता हिशेब बघा. एक किलो तेलाला दमास्क गुलाबाची साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात. म्हणजे माझ्या 100 मिलीला तीनशे किलो तर लागलीच असणार. नऊ हजारांत तीनशे किलो, म्हणजे किलोला तीस रुपये. त्यातच पहाटेची तोडणी, जळण, मजुरी, स्टॉलचं भाडं आणि त्याचा नफा! दसऱ्याला झेंडू मी याहून महाग घेते. हे गणित मला तिथे उभ्या उभ्या करता आलं असतं. केलं नाही, कारण स्वस्तात घबाड मिळालंय असं मनाने आधीच ठरवून टाकलं होतं.

संशय आला तो जानेवारीत. एका सकाळी फळीवरचं खोबरेल पांढरं दगड झालं होतं आणि शेजारची 'रूह' पाण्यासारखी हलत होती. वाफेने काढलेल्या गुलाबतेलात मेणासारखा अंश असतो. थंडीत ते घट्ट होतं आणि बाटली मुठीत धरली की पुन्हा वितळतं. अर्थात गोठलं म्हणून अस्सल, असंही नाही. पूर्वी भेसळ लपवायला त्यात देवमाशाचं मेण घालत.

ओळखीच्या रसायनशास्त्राच्या बाईंनी जीसी-एमएस तपासणी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखायची चाचणी, करून घ्यायला लावली. अहवालात अर्ध्याहून जास्त फेनिल इथाइल अल्कोहोल, बरंचसं जिरॅनिऑल (दोन्ही गुलाबासारख्या वासाची रसायनं) आणि पातळ करायला घातलेलं डायइथाइल थॅलेट. बाई हसल्याच. फेनिल इथाइल अल्कोहोल गुलाबात असतं, पण ऊर्ध्वपातनात ते बहुतेक पाण्यात उतरतं, म्हणून तर गुलाबजलाला तो वास येतो. तेलात ते जेमतेम दोन-तीन टक्के राहतं. द्रावकाने काढलेल्या 'अ‍ॅब्सोल्यूट'मध्ये भरपूर असतं, पण ते तांबूस-नारिंगी आणि दाट. माझं तेल जवळजवळ रंगहीन होतं. जिरॅनिऑल बहुधा रोशा गवताच्या तेलातलं असावं, असा त्यांचा अंदाज. हे ऐकून मला वेगळंच वाटलं. हे गवत आपल्या खानदेशातलं. एकोणिसाव्या शतकात त्याचं तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. म्हणजे माझी फसवणूक निदान दीडशे वर्षं जुन्या रीतीने झाली.

विक्रेत्याचा नंबर बंद. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार करायची, तर हातात ना बिल, ना दुकानाचा पत्ता.

पैशांचं दुःख महिनाभरात ओसरलं. पण तोवर 'शुद्ध गुलाब तेलयुक्त' असं माझ्याच अक्षरात लिहिलेल्या क्रीमच्या 23 डब्या विकल्या गेल्या होत्या. एकीच्या मानेवर पुरळ आलं होतं. ते याच तेलाने आलं असं छातीठोक सांगता येत नाही. खऱ्या गुलाबतेलातलं जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉलही काहींना सोसत नाही. पण लेबल खोटं होतं, आणि ते मी लावलं होतं. वही काढून एकेकीला फोन केले, पैसे परत दिले. दोघीजणी फटकन बोलल्या, ते रास्तच होतं.

तळमजल्यावरच्या काकूंनी पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "तेल खोटं का असेना, वास छान होता गं. तसलीच एक डबी दे." मी दिली नाही. त्या अजून थोड्या रुसलेल्या आहेत.