बायोटिन, लोह आणि नऊ महिने: केसांसाठी घेतलेल्या गोळ्यांचा माझा अनुभव

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात न्हाणीघराच्या जाळीवर केस साचून पाणी तुंबलं, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्याआधी पंधरा दिवस कंगव्यात रोज गुंतवळ निघत होतं, पण घाईत वेणी घालून ७:४०ची लोकल पकडणाऱ्या बाईला ते बघायला वेळ कुठे असतो? त्या दिवशी केस गोळा करून कागदावर ठेवले आणि मोजले. दोनशे साठ. निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस जातात हे मला नंतर कळलं, आणि न्हायच्या दिवशी थोडे जास्तच. पण दोनशे साठ आणि तेही दर वेळी, हे काही नेहमीचं नव्हतं. भांग रुंद दिसायला लागला होता. अंबाड्याला पूर्वी रबर दोन वेढ्यांत बसायचं, आता तीन वेढे लागत होते.

मी ३८ वर्षांची आहे, भांडुपला राहते, फोर्टमध्ये नोकरी करते. नऊ महिन्यांत केसांसाठी म्हणून काय काय घेतलं आणि त्याचं काय झालं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. त्या डिसेंबरमध्ये मी रात्री जागून असंच काही शोधत होते, आणि सापडत होत्या त्या फक्त जाहिराती.

सुरुवात नणंदेमुळे झाली. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही बायोटिन घ्या, महिनाभरात फरक दिसतो. माझ्या ऑफिसातल्या सगळ्याजणी घेतात." मी दोन गोष्टी एकदम मागवल्या: १०,००० मायक्रोग्रॅमच्या बायोटिनच्या गोळ्या आणि एका नावाजलेल्या कंपनीच्या केसांसाठीच्या गमीज. गोळ्यांना सहाशेच्या आसपास पडले, गमीजची महिन्याची बाटली नऊशेच्या घरात. सव्वा महिना एकही दिवस न चुकवता दोन्ही घेतलं.

गमीजबद्दल आधी सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. चव छान. एका गमीत दोन ग्रॅमांहून जास्त साखर, हे बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत होतं. लोह अजिबात नव्हतं. माझ्या पाच वर्षांच्या मुलाने एकदा स्टुलावर चढून चार गमीज खाल्ल्या. गोळ्या-चॉकलेटच वाटणार ना त्याला. त्याला काही झालं नाही, पण तेव्हापासून घरातलं प्रत्येक औषध कपाटाच्या वरच्या कप्प्यात कुलपात असतं. पुढे लोहाच्या गोळ्या घरात आल्या तेव्हा या सवयीचं मोल कळलं. लोहाच्या गोळ्या लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

आता बायोटिन. हे बी गटातलं जीवनसत्त्व, बी-७. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं आणि ते अंडी, शेंगदाणे, डाळी, बिया यांतून सहज मिळतं. माझ्या गोळीत त्याच्या तीनशे पटींहून जास्त होतं. बायोटिनची खरी कमतरता असेल तर केस गळतात हे खरं आहे, पण तशी कमतरता फार क्वचित होते. ज्याला ती नाही त्याने गोळी घेऊन केस वाढतात, याला भक्कम पुरावा नाही. सव्वा महिन्यात माझी गळती कणभरही कमी झाली नाही. नखं जरा टणक झाल्यासारखी वाटली, पण ते मी मोजलेलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगणार नाही.

इथपर्यंत फक्त पैसे गेले होते. पुढे जे झालं, त्यासाठी मी हे लिहायला बसले.

जानेवारीत मला दादरचा पूल चढताना धाप लागायला लागली. छातीत धडधड व्हायची, दुपारी डोकं जड व्हायचं. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉईड तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला: टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं संप्रेरक) खूप कमी, आणि थायरॉईडची स्वतःची संप्रेरकं टी-३ आणि टी-४ वाढलेली. म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करतंय. धडधड, थकवा, केस गळणं, सगळं त्यात चपखल बसत होतं. मी तर घरी जाताना ट्रेनमध्ये रडले. आता आयुष्यभर औषधं, हेच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, माझी मान तपासली, हात पुढे करायला लावून बोटं थरथरतात का ते पाहिलं, आणि विचारलं, "तुम्ही केसांसाठी काही घेताय का?" मी गोळ्यांची बाटली पर्समधून काढून दाखवली. ते म्हणाले, "हे आठ दिवस पूर्ण बंद करा आणि मग पुन्हा रक्त द्या. तोवर मी थायरॉईडचं एकही औषध लिहिणार नाही."

आठ दिवसांनी तिन्ही आकडे अगदी नॉर्मल.

त्यांनी समजावलं ते असं. बऱ्याच लॅबमधल्या रक्ततपासणीच्या पद्धतीत बायोटिनचाच वापर करून घेतलेला असतो, रेणूला पकडून ठेवणाऱ्या चिमट्यासारखा. रक्तातच बायोटिन भरमसाट असेल तर तो चिमटा भलत्यालाच धरतो आणि यंत्र चुकीचा आकडा छापतं. टीएसएच खोटं कमी दिसतं, टी-३, टी-४ खोटे वाढलेले दिसतात. हृदयविकाराच्या झटक्यात ट्रोपोनिनची जी तपासणी करतात, तीही यामुळे खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. माझ्या बाटलीवर त्याचा एक शब्द नव्हता. रक्त घ्यायला आलेल्या मुलाने उपाशी आहात का एवढंच विचारलं होतं. हे मला आजही मनापासून खटकतं. दिवसाला १०,००० मायक्रोग्रॅम घेणाऱ्या बायका माझ्या एकट्या डब्यात दहा तरी सापडतील, आणि त्यातल्या कितीजणी रक्त द्यायच्या आधी ही गोष्ट सांगत असतील? तुम्ही बायोटिन घेत असाल तर लॅबमध्येही सांगा आणि डॉक्टरांनाही. थायरॉईडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवावं असं सांगतात. डोस मोठा असेल तर किती दिवस, हे डॉक्टरांनाच विचारा.

मग धडधड आणि धाप कशाची? बायोटिन बंद असतानाच्या त्याच रक्तातून त्यांनी आणखी तपासण्या करून घेतल्या. हिमोग्लोबिन १०.४. फेरीटिन ९. बी-१२ होतं १६८ आणि ड जीवनसत्त्व ११. सगळेच आकडे कमी.

हिमोग्लोबिन सगळ्यांना माहीत असतं. फेरीटिन मला माहीत नव्हतं. हे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप. हिमोग्लोबिन म्हणजे खर्चाला हातात असलेले पैसे धरले, तर फेरीटिन ही बँकेतली शिल्लक. १५च्या खाली गेलं की साठा संपला असं मानतात. माझा ९ होता. शरीर मग लोह आधी जिवाच्या कामांना देतं, केसांचा नंबर शेवटी लागतो. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, हा २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा मी पूर्वी वाचला होता, पण त्यात मी येते असं कधी वाटलं नव्हतं. आम्ही दोन वेळचं नीट जेवणारी माणसं.

आणि मग डॉक्टरांनी जो प्रश्न विचारला तो मला स्वतःला सुचायला हवा होता: "गळती सुरू व्हायच्या आधी दोन-तीन महिन्यांत काही आजारपण झालं होतं?" सप्टेंबरच्या शेवटी मला डेंग्यू झाला होता. पाच दिवस १०३ ताप. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, अघोरी डाएट, असा धक्का बसला की वाढीच्या टप्प्यातले पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातात, आणि दोन ते तीन महिन्यांनी एकत्र गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मूळ शाबूत असतं, त्यामुळे केस परत येतात. पण सहा महिने तरी जातात. माझा ताप आणि गळती यांचं गणित दिवसाच्या हिशेबाने जुळलं.

फेब्रुवारीपासून लोहाची गोळी: फेरस अॅस्कॉर्बेट आणि फॉलिक अॅसिड. पहिल्या आठवड्यात पोट दुखलं, बद्धकोष्ठ झालं, शौच काळी झाली. काळी होणं अपेक्षितच असतं, घाबरू नका. डॉक्टरांनी मग एक दिवसाआड घ्यायला सांगितली. रोज घेतलं की शरीर लोह शोषायचं स्वतःच कमी करतं, एक दिवसाआड घेतल्यावर प्रत्येक गोळीतून जास्त शोषलं जातं आणि पोटालाही त्रास कमी, असं ते म्हणाले. मला तसाच अनुभव आला. गोळी सकाळी रिकाम्या पोटी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर.

सगळ्यात अवघड गेला तो चहा. दीड वाजता डबा खाल्ला की लगेच चहा, ही आमच्या ऑफिसातली पंधरा वर्षांची रीत. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. म्हणजे डब्यातली पालकाची भाजी मी रोज चहाने धुऊन टाकत होते. आता चहा साडेतीनला. दूध आणि कॅल्शियमची गोळीही लोहाबरोबर नाही.

ड जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिटचे सॅशे आठवडी एक असे आठ, जेवणानंतर, कारण ते स्निग्ध पदार्थांबरोबर शोषलं जातं. मुंबईत ऊन कमी आहे का? पण घरातून स्टेशन, स्टेशनातून ऑफिस, आणि घरी परतेपर्यंत अंधार. मला ते मिळणार कधी? आठ झाल्यावर मी थांबले. हे आपल्या मनाने वर्षभर घेत राहायचं औषध नाही, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. बी-१२ची गोळी तीन महिने. आमच्या घरी मांसाहार नाही, त्यामुळे ती अधूनमधून लागणारच.

प्रथिनांचा हिशेब मी स्वतः केला. केस म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिनच. किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तर माझ्या ५६ किलोंना रोज ४६ ग्रॅम हवीत. चहा-पोहे, दोन पोळ्या-भाजी, रात्री वरणभात, यांतून जेमतेम तीसेक होत होती. प्रोटीन पावडर आणली नाही. सकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ, डब्यात मूठभर भाजलेले चणे, रात्री वरण पातळ न करता घट्ट, आणि दह्याची एक वाटी. एवढ्याने आकडा भरला.

आईने अळिवाचे लाडू पाठवले. म्हणाली, "अगं, बाळंतिणीला काय उगीच देतात का? तिचेही केस असेच जातात." ती बरोबर बोलली, बाळंतपणानंतर जाणारे केस याच प्रकारचे. अळिवात लोह चांगलं असतं. लाडवाने फेरीटिन ९वरून वर आलं असतं असं मी म्हणणार नाही, पण दुपारच्या बिस्किटांची जागा त्याने घेतली.

मध्ये एका शेजारणीने पाणी बदलायला सांगितलं, मुंबईचं पाणी केसांना वाईट म्हणे. जिथून मुंबईच्या मोठ्या भागाला पाणी जातं ते शुद्धीकरण संकुल आमच्या भांडुपमध्येच आहे. ते धरणा-तलावांचं पाणी, बोअरवेलसारखं जड नव्हे. नळाला फिल्टर बसवायचे चार हजार मी वाचवले.

आता निकाल. मार्चअखेर न्हायच्या दिवशी एकशे चाळीस केस. मे महिन्यात ऐंशी. कपाळाच्या कडेला बारीक, ताठ उभे राहणारे नवे केस एप्रिलमध्ये दिसले. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्या हिशेबाने ते आता बोटाच्या दोन पेरांएवढे झालेत. दर महिन्याच्या १ तारखेला त्याच खिडकीत भांगाचा फोटो काढत होते, डिसेंबरचा आणि ऑगस्टचा शेजारी ठेवला की फरक स्पष्ट आहे. मेमध्ये हिमोग्लोबिन १२.३, फेरीटिन ३१. जुलैअखेर फेरीटिन ४६, तेव्हा लोह बंद केलं.

केस लोहामुळे आले का? प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं श्रेय मी त्याला देऊ शकत नाही. डेंग्यूनंतरची गळती तशीही त्याच सुमाराला थांबली असती. मी मार्चपर्यंत धीर धरून गमीजच घेतल्या असत्या, तर नणंदेने गमीजना श्रेय दिलं असतं, आणि बहुतेक चांगल्या अभिप्रायांचं असंच होत असावं. पण धाप लोहानेच गेली, त्याबद्दल मला शंका नाही. एप्रिलच्या मध्यावर एका संध्याकाळी दादरचा पूल मी न थांबता चढले आणि वर पोहोचल्यावर लक्षात आलं.

कुणी केसांची बाटली घ्यायचीच असं ठरवलं असेल, तर मागचं लेबल वाचा. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी परवाना आहे का, प्रत्येक घटक किती आहे, हे बघा. ही पूरकं कायद्याने खाद्यपदार्थांत मोडतात, औषधांत नाही, आणि औषधी वापरासाठी नाही असं त्यांच्यावर छापलेलं असतं. दोन-तीन बाटल्या एकत्र घेऊ नका. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर त्यानेच केस गळतात. २००८ साली अमेरिकेत एका पूरकात चुकून सेलेनियम कितीतरी पट जास्त पडलं आणि दोनशेच्या आसपास लोकांना विषबाधा झाली, केस गळणं हे त्यातलं एक मुख्य लक्षण होतं. जस्त खूप दिवस घेतलं तर तांबं कमी होतं. आणि चाई पडल्यासारखा गोल चट्टा दिसला, किंवा आई-मावशीसारखा भांग वर्षानुवर्षं रुंद होत चालला असेल, तर बाटलीत वेळ घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि लवकर सुरू केले तर जास्त उपयोग होतो.

माझं अजून एक काम बाकी आहे. इतकं लोह गेलं कुठे, हे कळलेलं नाही. पाळी सहा दिवस, त्यातले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं; मी ते नेहमीचंच समजत आले. नोव्हेंबरमध्ये पुन्हा फेरीटिन करायचं आहे, आणि त्याआधी पुढच्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.